समुद्र नसलेल्या मुलखातला गंज

(दृश्य : दोन्ही बाजूंना केळीच्या बागा असलेला रस्ता. रस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये खड्ड्यावर उभी केलेली पिकअप.)

पावसाळा नुकताच संपला आहे आणि ऑक्टोबरचे ऊन चढू लागले आहे. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा आणि रावेर या गावांना जोडणाऱ्या रस्त्यालगत हे गॅरेज आहे. खड्ड्यावर उभी असलेली पिकअप वर्षभर केळीच्या बागांत ये-जा करते. जाताना तिच्यात खतांच्या गोण्या असतात आणि येताना केळीचे घड असतात. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात दोष सापडणार नाही. रंगाला चमक आहे, दारे नीट लागतात, इंजिनाचा आवाज स्वच्छ आहे. खड्ड्यात उतरून मान वर केली की मात्र हीच गाडी निराळी दिसते.

(दृश्य : खड्ड्यातून वर पाहताना. विजेरीचा प्रकाश चासीवरून सरकत जातो.)

चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, आतल्या कडेवर, मडगार्डच्या दुमडलेल्या पट्टीत, डिझेलच्या टाकीच्या माथ्यावर आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरभोवती काळ्या मातीचे थर बसलेले आहेत. रस्ता केव्हाच वाळला आहे, पण या थरात खुपसलेले बोट ओले होऊन बाहेर येते.

गंजाचा विषय निघाला की आपल्याला कोकणची खारी हवा आठवते. खान्देशाला समुद्र नाही. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे आपल्याकडे गाडी खालून सडत नाही, असा समज येथे खोलवर रुजला आहे. या समजाला खोटे ठरवणाऱ्या दोन गोष्टी या एकाच गाडीच्या पोटाखाली आहेत. एक ही माती, आणि दुसरी खताच्या गोणीतून सांडलेले पोटॅश.

कापूस आणि केळी पोसणारी आपली काळी जमीन ज्या बारीक चिकणमातीच्या कणांनी बनली आहे, ते कण पाणी शोषून फुगतात आणि ते पाणी सहजासहजी सोडत नाहीत. पिकासाठी जो गुण, तोच पत्र्यासाठी घातक ठरतो. लोखंड गंजते ते पाणी आणि प्राणवायू एकत्र आले म्हणजे, हे आपण शाळेत शिकलो; परंतु मातीखालचा गंज त्याहून थोडा वेगळ्या रीतीने काम करतो. ओल्या थराच्या मध्यभागी प्राणवायू कमी पोहोचतो आणि कडेला अधिक पोहोचतो. या फरकामुळे एकाच पत्र्याच्या दोन भागांमध्ये अत्यंत क्षीण असा विद्युतप्रवाह सुरू होतो, आणि ज्या भागाला प्राणवायू कमी मिळतो तो भाग झिजत जातो. म्हणूनच उघड्या जागी पत्रा नुसता तांबूस झालेला दिसतो, तर माती चिकटून राहिलेल्या जागी त्याला खोल खळगे पडतात आणि पुढे भोके पडतात.

(दृश्य : फाटक्या गोणीतून पिकअपच्या हौदात सांडलेले लाल-पांढरे दाणे.)

केळीला पालाश, म्हणजेच पोटॅश, भरपूर लागते. त्यासाठी वापरले जाणारे म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. समुद्राच्या मिठात सोडियमसोबत जे क्लोराइड असते, तेच येथे पोटॅशियमसोबत येते. क्लोराइड पाण्यात विरघळले की ते पाणी वीज अधिक सहज वाहून नेते, आणि पत्र्यावर तयार झालेला संरक्षक थर ते जागोजागी फोडते. ५० किलोच्या गोणीला बारीक छिद्र पडले तरी मूठभर दाणे हौदाच्या फटीतून खाली चासीवर उतरतात आणि तेथील ओल्या मातीत मुरतात. युरिया आणि अमोनियमयुक्त खतेही हवेतील ओलावा ओढून घेतात. कोकणच्या गाडीला हवेतून मिळणारा खार आपल्या गाडीला आपण स्वतः भरून देतो. खताची खेप टाकून आल्यावर हौद आणि त्याची खालची बाजू साध्या पाण्याने धुऊन काढणे, हा या भागातील गाडीसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. गुजरातच्या किनाऱ्यावरून मीठ भरून नवापूरमार्गे धुळ्याकडे येणाऱ्या गाडीलाही हेच लागू आहे.

(दृश्य : पाण्याचा जोरदार फवारा. मातीची ढेपळे खड्ड्यात कोसळतात.)

आता गंज काढून गाडीला खालून संरक्षक लेप देण्याचे काम सुरू झाले आहे. चारही चाके उतरवली आहेत, मडगार्डच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर आणि इंजिनाखालचे झाकण काढून ठेवले आहे. यांतले काहीही न काढता गाडी खालून धुतली, तर जेथे गंज लागतो नेमकी तीच जागा पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित राहते. फवारा वायरिंगच्या जोडण्यांवर आणि चाकांच्या बेअरिंगवर जवळून धरायचा नाही, एवढे पथ्य पाळावे लागते. पडणारी ढेपळे पाहा. त्यांच्या पत्र्याकडच्या बाजूला विटकरी रंगाचा पापुद्रा चिकटलेला आहे. तो पापुद्रा म्हणजे कालपर्यंत गाडीचा भाग असलेले लोखंड आहे.

(दृश्य : दाराखालच्या पट्टीच्या छिद्रात घातलेली तार, पाठोपाठ गढूळ पाण्याची धार.)

दाराखालची पोकळ पट्टी, दारांचा तळ आणि बंद चासीच्या पोकळ्या यांना कारखान्यातच छिद्रे ठेवलेली असतात. आत शिरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून ती असतात. मातीने ती बुजली की पोकळीत पाणी साठते आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. अशा गंजाची खूण बाहेर दिसते ती रंगावर उठलेल्या बारीक फोडांच्या रूपाने, आणि तोपर्यंत आतला पत्रा बहुधा संपलेला असतो. कारागीर एकेक छिद्र बारीक तारेने मोकळे करतो, आतून साधे पाणी सोडतो आणि येणारी धार स्वच्छ होईपर्यंत थांबतो.

यानंतरचा टप्पा कॅमेऱ्यासाठी अगदी नीरस आहे. गाडी दिवसभर उन्हात उभी राहते, सांध्यांत कॉम्प्रेसरची हवा मारली जाते आणि दुसऱ्या दिवशीही घाई न करता ती पुन्हा उन्हात ठेवली जाते. या संपूर्ण कामात माझ्या मते याहून महत्त्वाचा टप्पा नाही. दोन तासांत गाडी धुऊन, पुसून, काळा लेप मारून परत देण्याची जी पद्धत सर्रास दिसते, तिच्यात सांध्यांतील पाणी लेपाच्या आत कायमचे कोंडले जाते. बाहेरून गाडी नव्यासारखी काळीभोर दिसते आणि आत गंज कुणाच्याही नजरेस न पडता वाढत राहतो. अशा लेपापेक्षा लेप नसलेली गाडी बरी, कारण तिचा गंज निदान दिसतो. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हाने हा वाळवण्याचा टप्पा फुकटात सोपा करून दिला आहे. गाडीमालकाने दोन दिवस गाडीविना काढण्याची तयारी मात्र ठेवली पाहिजे.

(दृश्य : हातोडीचे हलके ठोके. मग स्क्रूड्रायव्हर पत्र्यात आरपार जातो. गाडीमालकाचा चेहरा.)

निरोगी पत्रा हातोडीच्या ठोक्याला खणखणीत उत्तर देतो, सडलेला पत्रा बद्द वाजतो.

(काही क्षण निवेदन नाही. फक्त ठोक्यांचा आवाज.)

जेथे दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले आहेत, तेथे ते मधोमध फुगलेले दिसतात. गंज मूळ लोखंडाच्या काही पट जागा व्यापतो, त्यामुळे फटीत तयार झालेला गंज दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. अशा जागी लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारणे ही शुद्ध फसवणूक आहे. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढला जातो आणि बॅटरीची जोडणी सोडवून नवा तुकडा वेल्ड केला जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंगही जळतो, म्हणून त्या मागच्या बाजूला लेप पोहोचवणे हा दुरुस्तीचाच भाग मानला पाहिजे.

(दृश्य : तारेच्या ब्रशखाली उडणारी तांबडी धूळ, मुखपट्टी बांधलेला कारागीर.)

उरलेला गंज ग्राइंडरला लावलेल्या तारेच्या ब्रशने आणि नंतर पॉलिश पेपरने काढला जातो. खळग्यांच्या तळाशी जो गंज उरतो, त्यावर फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण लावतात. त्याच्या क्रियेने गंजाचे रूपांतर लोह फॉस्फेटच्या काळपट, घट्ट थरात होते. सुटणारे पापुद्रे न काढता हे द्रावण फासले तर ते पापुद्र्याच्या वरच थांबते. उघडा पडलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवत नाहीत, कारण पहाटेच्या दवाने त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमरचा हात दिला जातो आणि तो वाळल्यावर सांध्यांत सीलर भरला जातो.

लेपाची गन हातात घेण्यापूर्वी कारागीर कागद आणि चिकटपट्टीने बराच भाग झाकून टाकतो. सायलेन्सर आणि त्याचे पाइप, ब्रेकची डिस्क आणि ड्रम, प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकच्या तारा, रबरी बुश, सेन्सर आणि नटबोल्टचे आटे यांपैकी कशावरही लेप जाता कामा नये. ब्रेकवर गेलेला लेप जीवघेणा ठरू शकतो आणि तापलेल्या सायलेन्सरवर गेलेला लेप जळून धुमसतो. ज्या गॅरेजमध्ये ही झाकाझाक दिसत नाही, तेथून गाडी परत न्यावी.

(दृश्य : स्प्रे गन. पत्र्यावर एकसारखा बसत जाणारा काळा, दाणेदार थर.)

येथे वापरलेला लेप रबरयुक्त आहे. चाकांनी उडवलेल्या खडीचा मार तो सोसतो, म्हणून मडगार्डच्या आतल्या बाजूला तो विशेष उपयोगी पडतो. एकच जाड हात देण्याऐवजी दोन पातळ हात दिले जातात आणि मध्ये वाळण्यास वेळ दिला जातो. डांबरयुक्त लेप स्वस्त असतो. परंतु आपल्या उन्हाळ्यात तो मऊ पडतो आणि काही वर्षांनी कडक होऊन तडकतो, मग त्या तड्यांतून शिरलेले पाणी बाहेर येत नाही. तो लावलाच तर दरवर्षी तपासावा लागतो. चासीच्या पोकळ्यांमध्ये यांपैकी काहीच चालत नाही. तेथे लांब, लवचिक नळीने मेणयुक्त द्रव फवारला जातो. तो सांध्यांत झिरपत जातो, पाण्याला बाजूला सारतो आणि न तडकता राहतो. फवारणीनंतर ओघळलेल्या मेणाने पाण्याची छिद्रे बुजली नाहीत ना, हे कारागीर त्याच तारेने पुन्हा पाहतो.

अनेक शेतकरी पावसाळ्यापूर्वी ट्रॉलीला आणि गाडीला खालून जळके काळे ऑइल फासतात. त्यामागची काळजी खरी आहे आणि काही काळ त्याने पत्र्याला आडोसाही मिळतो. परंतु इंजिनात वापरून झालेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले असतात, रबरी बुश त्याने फुगून निकामी होतात, धूळ त्यावर चिकटून पुन्हा मातीचाच थर बनतो आणि पहिल्या पावसात ते ज्या शेतात गाडी जाते त्याच शेतात उतरते. २०१६च्या घातक कचरा नियमांनी वापरलेल्या ऑइलची गणना घातक कचऱ्यात केली आहे. मेणयुक्त लेपाचा खर्च परवडत नसेल, तर नुसती धुलाई, वाळवणी आणि तारेने मोकळी केलेली छिद्रे एवढ्यानेही गाडीचे आयुष्य वाढते.

गंजाकडे दुर्लक्ष केल्यास ब्रेकच्या लोखंडी नळ्या फुटणे, पाट्यांचा हँगर चासीपासून सुटणे आणि सीटबेल्ट ज्या पत्र्याला बांधलेला असतो तो पत्रा उपटून येणे, हे सर्व संभवते.

(दृश्य : अस्तर आणि चाके पुन्हा बसवली जातात. पिकअप खड्ड्यावरून खाली उतरते.)

हा लेप आता पुढच्या मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी तपासावा लागेल. चाकांमागच्या भागात खडीने तो उडाला असेल, जॅक लावण्याच्या जागी खरवडला गेला असेल, तर तेवढ्याच जागेवर ब्रश, प्रायमर आणि लेपाचा एक हात पुरेसा होतो. संपूर्ण गाडी पुन्हा करून घेण्याचे कारण नाही.