रेघेमागचा कागद

(दृश्य: पहाट. रिकामी गल्ली. रंग वितळवणाऱ्या भट्टीचा आवाज.)

इंग्लंडमधली एक साधी राहती गल्ली. दोन कामगार फुटपाथच्या कडेला टेप धरून मापं घेतायत. एकाच्या हातात घडी घातलेला नकाशा आहे. थोड्या वेळात इथे दोन पिवळ्या रेघा ओढल्या जातील. दुहेरी रेघ म्हणजे दिवसरात्र कधीही गाडी उभी करायची नाही. एकेरी असेल तर ठरावीक वेळेपुरती मनाई. कडेच्या दगडावर आडवे पिवळे पट्टे दिसले, तर माल चढवायला-उतरवायलाही बंदी.

रेघ पाहून ड्रायव्हर समजतो, हाच नियम. पण नियम असतो कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या दप्तरात, एका आदेशात. त्याचं नाव ट्रॅफिक रेग्युलेशन ऑर्डर, बोलण्यात टीआरओ. १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन कायद्यानं हे आदेश काढायचा अधिकार दिलाय. आदेश नसेल तर रेघ म्हणजे नुसता रंग. आदेश असून रेघ किंवा पाटी धड नसेल, तर दंड टिकवणं अवघड.

(दृश्य: दिव्याच्या खांबाला बांधलेली नोटीस, पावसानं सुरकुतलेली.)

सुरुवात बहुधा तक्रारीनं होते. वळणावर गाड्या लावतात, कचऱ्याची गाडी वळत नाही, अग्निशमनचा बंब अडकेल. इंजिनिअर जागा पाहतो, आराखडा करतो. पोलिसांचं मत घ्यावं लागतं. मग स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि बऱ्याचदा खांबावर असा कागद. हरकतींसाठी किमान २१ दिवस. आलेली हरकत विचारात घ्यावीच लागते. नोटिशीपासून २ वर्षांत आदेश झाला नाही, तर सगळं पहिल्यापासून. झालेल्या आदेशालाही ६ आठवड्यांत हायकोर्टात आव्हान देता येतं. लोक याला दिरंगाई म्हणतात. मला नाही वाटत तसं. रस्ता सगळ्यांचा, त्यावर थांबायची मुभा काढून घ्यायची, तर विचारायला हवंच.

(दृश्य: कचेरी. फायलींची कपाटं.)

आता दप्तर उघडू. जुने आदेश शब्दांत लिहिलेले असतात. मागे परिशिष्ट, त्यात ओळीमागून ओळी: अमुक रस्ता, उत्तर बाजू, तमुक रस्त्याच्या पश्चिम कडेपासून पश्चिमेला १२ मीटर. वाचायला सरळ. पण पुढे कोपरा रुंद केला, कडेचा दगड सरकवला, तर ते १२ मीटर मोजायचे कुठून? कुठे खूण म्हणून एखाद्या घराची हद्दीची भिंत धरलेली असते. भिंत पडली की खूणही गेली. त्यात दुरुस्त्यांवर दुरुस्त्या. एका गल्लीचा आजचा नियम कळायला मूळ आदेश आणि त्यानंतरचे सगळे दुरुस्ती-आदेश शेजारी मांडून बसावं लागतं. म्हणून अधूनमधून सगळं गोळा करून एकच एकत्रित आदेश काढतात. फार किचकट काम. ते करणाऱ्याचं नाव कुठे येत नाही.

अलीकडे बऱ्याच ठिकाणी शब्दांची जागा नकाशानं घेतलीय. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशाचे चौकोन, त्यांवर रंगांनी दाखवलेली प्रत्येक रेघ, रहिवाशांच्या परमिटची जागा, अपंगांची जागा. इथे नकाशा हाच आदेशाचा भाग. बदल झाला की तेवढाच चौकोन बदलायचा. पण त्याआधी रस्त्यावर उतरावं लागतं. पाहणी करणारे गल्लोगल्ली चालतात, किंवा कॅमेरे लावलेली गाडी फिरवतात. तेव्हा सापडतं, काय काय निसटलंय. डांबर नव्यानं घातलं, रेघ मारायची राहून गेली. पाटी म्हणते आठ ते सहा, आदेश म्हणतो आठ ते साडेसहा. कडेच्या दगडावरचा पट्टा पुसून गेलाय. हे शेवटचं मला सगळ्यात लागतं. ब्लू बॅज असलेल्या अपंग माणसाला पिवळ्या रेघेवर तीन तासांपर्यंत गाडी लावता येते, मात्र माल उतरवायला बंदी असेल तिथे नाही. त्याला हे सांगणारी ठळक खूण तीच.

(दृश्य: गाडीच्या काचेवर चिकटवलेली दंडाची नोटीस.)

पिवळ्या रेघेवर गाडी लावल्याचा दंड लंडनबाहेर साधारण ७० पाउंड; १४ दिवसांत भरला तर निम्मा. पटत नसेल तर आधी कौन्सिलकडे दाद मागायची, मग स्वतंत्र ट्रिब्युनलकडे. तिथे अपिलाला फी नाही. कौन्सिलला आदेश दाखवून उल्लंघन सिद्ध करावं लागतं, आणि दप्तरातली चूक तिथे उघडी पडते. पण तिथवर जातं कोण? ज्याला वेळ आहे, चार ओळी नीट लिहिता येतात, तो. बाकीचे ३५ पाउंड भरून गप्प बसतात. त्यांच्या बाजूनं बोलणारं त्या दप्तराशिवाय कुणी नाही.

पैशाचा प्रश्नही १९८४ च्या याच कायद्यात येतो. लंडनमधल्या बार्नेट कौन्सिलनं रहिवाशांच्या पार्किंग परमिटचे दर वाढवले, तेव्हा २०१३ मध्ये हायकोर्टानं सांगितलं: हा कायदा कर गोळा करण्यासाठी नाही.

२०२४ च्या ऑटोमेटेड व्हेइकल्स, म्हणजे स्वयंचलित गाड्यांच्या कायद्यानं, या आदेशांची माहिती ठरावीक डिजिटल स्वरूपात देणं बंधनकारक करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे नकाशावरची चूक उद्या थेट गाडीतल्या यंत्रापर्यंत जाईल.

(दृश्य: पुन्हा गल्ली. रंग वाळलाय.)

कामगार टेप गुंडाळून निघाले. तिकडे कचेरीत एक बाई पडद्यावर हाच चौकोन उघडते, रेघेची दोन्ही टोकं मोजमापाशी ताडून पाहते. एक टोक अर्धा मीटर पुढे गेलंय. ती फोन उचलते.