लेकींची नावं कुठं लिहायची?

मंडळी, आजचा विषय आहे कुलमंडळाचे सभासद कसे वाढवायचे आणि कसे टिकवायचे. वाढवायचं काम सोपं आहे, ते मी दोन मिनिटांत सांगून टाकतो. टिकवायचं आम्हाला फार उशिरा उमगलं, आणि तेही एका आत्याबाईंनी चारचौघांत कान धरल्यावर.

आमचं मंडळ एका आडनावाचं. पण आपल्याकडं आडनावावर फार भरवसा ठेवू नये. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनाची नावं. शेजारशेजारच्या दोन गावांतल्या दोन पाटलांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. उलट एकाच वाड्यातून निघालेला थोरला पाटीलकीवर बसला म्हणून पाटील झाला, धाकटा मूळ आडनावानं राहिला, आणि तिसरा गाव सोडून गेला तो नव्या गावात जुन्या गावाचा ‘कर’ झाला. म्हणून आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं की आडनावापेक्षा मूळ गाव आणि कुलदैवत बघायचं. कुलदैवत तुळजापूरची आई. मूळ गाव मात्र जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं. दुष्काळाच्या साली नाथसागर आटला की देवळाचा चौथरा वर येतो, आणि त्या साली आमच्या संमेलनाला गर्दी जरा जास्तच असते!

आता वाढीचं. सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि आमचे फोन वाजायचे थांबेनात. पणजोबांचं नाव काय, खापरपणजोबा कोणत्या गावचे, वंशावळीच्या शपथपत्रात काय लिहू? पाच-सहा वर्षांत आले नसते एवढे सभासद पाच-सहा महिन्यांत आले. कुणी १९५४ च्या खासरापत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल घेऊन यायचं, तर कुणी उर्दू कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो. जुने कागद वाचणारा माणूस सोन्याच्या भावात होता. आमच्या एका उत्साही पोरानं कागदावर १३४३ साल वाचलं आणि घराणं थेट चौदाव्या शतकात नेऊन बसवलं. ते साल इसवी नव्हतं, फसली होतं, म्हणजे महसुली कागदांतल्या जुन्या कालगणनेचं. त्यात ५९० मिळवले की १९३३ येतं. पोरगं आठ दिवस तोंड लपवून होतं.

काम झालं, कुणबी दाखला मिळाला, माणूस गेला. पुढच्या वर्षीच्या पत्राला उत्तर नाही. यात त्यांचा दोष नाही. आपणच त्यांना कागद दिला होता, नातं कुठं दिलं होतं?

त्यात आम्ही आणखी एक घोळ आधीच करून ठेवला होता, तो म्हणजे आजीव वर्गणी. एकरकमी घ्या, ठेव ठेवा, व्याजावर मंडळ चालेल, असा हिशेब होता. व्याज कमी होत गेलं ते सोडा. खरं नुकसान वेगळं झालं. वर्षाकाठी वर्गणी मागायला कुणीतरी दारात जायचं, चहा व्हायचा, ‘थोरलीचं लग्न जमलं का’ हे विचारलं जायचं. ते जाणंच बंद झालं. मग पाच वर्षांनी पत्र टाकावं तर पोस्टमन ते परत आणतो, माणूस वारलेला असतो. विश्वस्ताच्या बाबतीत असं झालं तर धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यावा लागतो, हे आम्हाला ऑडिटच्या वेळी कळलं. आता आम्ही वार्षिक वर्गणीवर परत आलोय. रक्कम मुद्दाम लहान ठेवलीय आणि ती घरी जाऊनच घ्यायची, फोनवरून पाठवतो म्हटलं तरी.

आता आत्याबाईंचं सांगतो. संमेलनात मांडवाच्या कडेला आम्ही वंशावळीचा तक्ता लावला होता, चांगला बारा फूट लांब फ्लेक्स. जेवणं झाल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक आत्या काठी टेकत तक्त्यापाशी गेल्या. बोट ठेवत ठेवत त्यांनी आजोबा शोधले, मग वडील शोधले. वडिलांच्या खाली चार भावांची नावं होती आणि शेवटी बारीक अक्षरात ‘कन्या ३’. त्या तीनच्या आकड्यावर बोट तसंच ठेवून त्यांनी मला हाक मारली. ‘नाना, ह्या तिघींतली मी कितवी रं?’

मला उत्तर देता आलं नाही. तक्ता मीच केला होता.

बरं, आम्ही काही जगावेगळं केलं नव्हतं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत बाप, भाऊ, लेक हीच साखळी. बैलावर बिऱ्हाड घेऊन येणारा हेळवी पिढ्या म्हणायचा, त्याही पुरुषांच्याच. आम्ही ते सगळं उतरवून घेतलं, तसंच्या तसं.

त्या दिवशी आत्यांनी तासाभरात जे सांगितलं ते आमच्या वहीत कुठंच नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात कोणतं घर खडी फोडायला गेलं आणि परत आलं नाही, कोणत्या भावानं नाव बदलून पुण्यात कारखान्यात नोकरी धरली, कुणाची बायको कुणाच्या माहेरची. पुरुषाला आपली भावकी ठाऊक असते, तीही भांडण असेल तर अर्धीच. बाईला माहेर, सासर, आजोळ अशी तिन्ही ठिकाणची माणसं पाठ असतात, कारण बारशाला, हळदीला, दहाव्याला तीच जाते.

पण ‘लेकींची नावं लिहू’ म्हटल्यावर बैठकीत काय झालं ते ऐका. एक वडीलधारे म्हणाले, लेक दुसऱ्या कुळाची झाली. हा आक्षेप अपेक्षित होता. खरा आक्षेप बाहेर चपला घालताना कानात आला. ‘बहिणीचं नाव तुमच्या पुस्तकात आलं की उद्या सातबाऱ्यावर येईल.’ वंशावळ म्हटलं की आपल्या माणसाला आधी वारसनोंद आठवते. मी त्यांना सांगितलं, तुमच्या बहिणीचा वाटा आमच्या पुस्तकानं येत नाही, तो हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंच आलाय. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय. हक्कसोडपत्र करून घेतलं असेल तर ते निबंधकाकडं आहे, आमच्याकडं नाही. समजूत पटली म्हणत नाही. दोन घरं आजही आमच्याकडं येत नाहीत. ती येणारही नाहीत, आणि त्यांच्यासाठी तिघींचं परत ‘कन्या ३’ करायला मी तयार नाही.

तक्त्याच्या खाली आता एक ओळ छापतो: ही माहिती कुटुंबाच्या ओळखीसाठी आहे, वारस ठरवण्यासाठी नाही. त्या एका ओळीनं बरीच दारं उघडली.

लेकींची नावं लिहिणं बोलण्याइतकं सोपं नाही, हे मात्र सांगून ठेवतो. आमच्याकडं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची रीत होती. माहेरची सुभद्रा सासरी लक्ष्मी झाली, आणि नातवंडांच्या तोंडी नुसतीच जिजी. एकाच बाईच्या आमच्याकडं तीन नोंदी निघाल्या. म्हणून माहेरचं नाव आधी, सासरचं त्याखाली, घरातली हाक कंसात. जावयाचं गाव लिहायचंच, कारण पुढचा धागा तिथूनच सापडतो.

आता सभासदाच्या अर्जावर लेक स्वतः सही करते. वर्गणीही तिच्या नावानं घेतो. दर घरामागं माहिती गोळा करायचं काम आम्ही तिथल्या एका माहेरवाशिणीकडं दिलंय, कुठं आत्या तर कुठं बहीण. पुरुषाला सचिव केलं की तो लेटरहेड छापतो. बाई फोन करते. दाखल्याच्या वेळी गेलेली काही माणसं परत आली ती मंडळाच्या पत्रानं नाही, ‘अरे, आत्यानं बोलावलंय’ म्हणून आली. त्यांच्या घरचं लग्न असलं की पत्रिका आता मंडळाच्याही पत्त्यावर येते.

मागच्या टेबलावर कोरे कागद आणि पेनं ठेवलीत. चहा येईपर्यंत प्रत्येकानं आपल्या सगळ्या आत्यांची नावं लिहायची आहेत. नवऱ्याच्या नावासकट नको, फक्त माहेरची. ज्यांना आठवत नाही त्यांनी बाहेर जाऊन आईला फोन लावा, मी थांबतो.