काळ्याभोर डोळ्यांत रंग आणायचा कुठून?

नमस्कार मंडळी, मागच्या रांगेत आवाज येतोय ना? ठीक. तर आजचा विषय आहे पोर्ट्रेटमध्ये डोळ्यांचा रंग एडिटिंगमध्ये कसा खुलवायचा, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, यूट्यूबवर याचे जे ढिगाने व्हिडिओ आहेत ना, त्यातले बरेचसे निळ्या-हिरव्या डोळ्यांच्या मॉडेलवर केलेले असतात, ते बघून आपण तेच सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, सांगलीच्या लग्नातल्या नवरीच्या डोळ्यांवर चढवतो आणि नवरी दिसते अंगात आल्यासारखी.

असं का होतं बघा. तपकिरी म्हणजे रंगाच्या हिशोबात गडद नारिंगीच. त्याचं सॅच्युरेशन वाढवलं की तो लालसर-नारिंगीकडे पळणारच, दुसरीकडे जाणार कुठे? याउलट निळ्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच मुळी, तिथे मेलॅनिन, म्हणजे तपकिरी रंगद्रव्य, कमी असतं, आत गेलेला प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा भाग आपल्याला दिसतो. आपल्या डोळ्यांत मेलॅनिन भरपूर, ते प्रकाश पिऊन टाकतं, म्हणून फोटोत बुबुळ, म्हणजे रंगीत कडं, आणि मधली बाहुली मिळून एकच काळा ठिपका दिसतो. कोकणातले घारे डोळे असतील तर सोडा, त्यांचं अर्धं काम देवानेच करून ठेवलंय.

क्लायंट बऱ्याचदा ती अफगाण मुलगी दाखवतात, की असे डोळे करून द्या. स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत काढलेला तो फोटो, जून १९८५च्या नॅशनल जिओग्राफिकच्या कव्हरवर आलेला. तो कोडाक्रोम फिल्मवरचा आहे हो, आणि त्या मुलीचे, शरबत गुलाचे, डोळेच फिकट हिरवे आहेत. पुढे २००२ साली ती सापडली तेव्हा ही तीच का हे ठरवायलासुद्धा बुबुळाचीच नक्षी जुळवून बघितली होती. म्हणजे त्या फोटोत बुबुळातले धागे किती स्वच्छ आले असतील विचार करा. असं काही नसताना नुसता हिरवा रंग ओतला तर प्लास्टिक दिसतं. आणि स्मिता पाटीलचे डोळे आठवा की! काळेभोर, तरी नजर हटत नाही. ते सगळं उजेडाचं काम आहे.

तर आपणही उजेडापासूनच सुरू करू. अंधाऱ्या हॉलमध्ये बाहुली मोठी होते, आणि फ्लॅश पडून फोटो निघेपर्यंत तिला आकसायला वेळच मिळत नाही, मग रंगाची नुसती बारीक कड उरते, त्यात काय खुलवणार? खिडकीजवळ बसवा, किंवा स्टुडिओत मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा, चालू ठेवा, बाहुली लहान होते आणि बुबुळ मोकळं दिसतं. फुल फिगर फोटोत मात्र डोळ्याच्या मागे लागू नका, तिथे बुबुळ म्हणजे जेमतेम काही पिक्सेल. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोवर तर हे काही करूच नका, सरळ ओरिजिनल मागा.

आता लाइटरूम, म्हणजे एडिटिंगचं सॉफ्टवेअर. मास्कमध्ये, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडायच्या सोयीत, पीपल घ्या, त्यात माणूस निवडला की खाली आयरिस अँड प्युपिल, म्हणजे बुबुळ आणि बाहुली, असा पर्याय येतो, २०२२ पासून आलाय हा. सोय छान आहे पण त्याच्या नावातच गोम आहे, तो बाहुलीसकट सगळं निवडतो, एक्सपोजर, म्हणजे उजेड, वाढवलं की बाहुली राखाडी होते आणि माणूस मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. म्हणून सबट्रॅक्टमध्ये, म्हणजे निवडीतून वजा करायच्या पर्यायात, ब्रश घेऊन बाहुली आधी वगळा. बुबुळाच्या बाहेरची जी काळी कड असते तीही वगळा, त्या कडेमुळेच डोळा उठून दिसतो, तिला उजळवलं की सगळी मेहनत पाण्यात.

मग उरलेल्या पट्ट्यालाही सरसकट उजळवायचं नाही, मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे. डोळ्यात जो लाइटचा चमकता ठिपका पडतो, कॅचलाइट, तो समजा घड्याळातल्या दहाच्या जागी आहे. तो प्रकाश डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यातून वळून आत शिरतो आणि बुबुळाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे चारच्या आसपास जास्त पडतो. खऱ्या डोळ्यात हे होतंच, घरी गेल्यावर कुणाला तरी खिडकीशी उभं करून बघा. तेव्हा आपण पण चारच्या बाजूलाच चंद्रकोरीच्या आकारात उजळवायचं, वरच्या पापणीची सावली तशीच ठेवायची. एक्सपोजर +०.४० च्या आसपास, टेक्स्चर, म्हणजे बारीक नक्षीचा उठाव, १५ वगैरे, आणि सॅच्युरेशन शून्य. हो, शून्यच. उजेड वाढला की दबलेला तपकिरी आपोआप वर येतो, मधासारखा. नंतर हवंच असेल तर पाच-सात द्या. दोन डोळ्यांना एकच आकडे देऊ नका, तोंड वळलेलं असेल तर लांबचा डोळा कमीच ठेवायचा.

फोटोशॉपवाल्यांसाठी: सॉफ्ट लाइट मोडमध्ये ५० टक्के ग्रे रंगाचा लेयर, त्यावर पांढरा ब्रश, फ्लो (ब्रशमधून उतरणारा रंग) पाच टक्के. बाकी हिशोब तोच.

आता डोळ्याचा पांढरा भाग. इथे लोक फार वाहवत जातात. तो पांढरा नसतोच, डोळा गोल आहे, कडेला सावली असते, नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी असतं. जागरणाचा लालपणा असेल तर सॅच्युरेशन थोडं उतरवा, एक्सपोजरला शक्यतो हात लावू नका आणि क्लॅरिटी तर अजिबात नाही, एकेक शीर उठून दिसते. टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात डोळ्यात बसवायचे नाहीत आपल्याला.

झालं की झूम आउट करा. दोनशे टक्क्यांवर सगळंच सुंदर वाटतं. करिझ्मा, म्हणजे लग्नाच्या छापील, अल्बमसाठी असेल तर लॅबकडून एक टेस्ट प्रिंट मागवा, कागदावर ते स्क्रीनपेक्षा गडद येतं, पण म्हणून आधीच डबल उजळवून ठेवू नका, तोच फोटो पाहुण्यांच्या मोबाइलवरही जाणार आहे.

काय म्हणालात? पूर्ण रंगच बदलून मागितला तर? करता येतो, कलर मोडमध्ये लेयर टाकून, पण काळ्या बुबुळावर नुसता निळा रंग टाकला तर दिसतच नाही, आधी ब्राइटनेस चढवावा लागतो आणि मग खाली धाग्यांची नक्षी नसल्याचं उघडं पडतं. फॅशन शूटला चालेल, स्थळाच्या फोटोला मी करत नाही, मुलाकडचे प्रत्यक्ष बघायला येणारच आहेत ना. पासपोर्टच्या फोटोत तर डोळ्यांना हातच लावायचा नाही.

डोळ्यात रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घातली असेल तर उलटं करायचं ताई, त्या लेन्सवर ठिपक्यांची छापील नक्षी असते, क्लोजअपमध्ये ती दिसते, म्हणून टेक्स्चर वजा दहा-पंधरा. आणि लेन्स सरकलीय का हे शूटच्या वेळीच बघा, कारण एक बुबुळ मध्यावर आणि दुसरं कडेला असेल तर तो फोटो दुरुस्त करण्यापेक्षा परत काढलेला परवडतो.