चुली वेगळ्या झाल्या की...

[दृश्य : काचेचं बीकर. तळाशी चुंबकाची पांढरी कांडी गरगर फिरते आहे.]

या कांडीवर नजर ठेवा.

बीकरमध्ये पाणी आहे आणि त्यात थोडंसं पॉलिमर. सेल्युलोजपासून बनवलेलं. त्याच्या लांबलचक, पाण्यात विरघळणाऱ्या साखळीला अधूनमधून १६ कार्बनची तेलकट शेपटं मुद्दाम जोडली आहेत. द्रावण सध्या पातळ कढीसारखं.

आता थेंब थेंब सोडू या सोडियम लॉरिल सल्फेटचं द्रावण. बऱ्याच टूथपेस्टच्या ट्यूबवर छापलेलं असतं ना, तेच. तेही पाण्यासारखंच पातळ. पातळात पातळ ओतलं तर अजून पातळच व्हायचं, नाही का?

[कांडी अडखळते, मंदावते, थांबते. बीकर कलतं करताच आतला ऐवज मधासारखा सावकाश सरकतो.]

साबणाच्या जातीचे हे रेणू, म्हणजे सर्फॅक्टंट. एका लिटरमध्ये २.३ ग्रॅमच्या आसपास झाले की पाण्यात ते आपणहून गोळा होतात : रेणूंची डोकी पाण्याकडे, तेलकट शेपट्या आत. एका गोळ्यात साधारण ६० रेणू. याला म्हणतात मायसेल. पण इथे तेलकट शेपटं आधीच हजर असल्यामुळे त्यांच्याभोवती गर्दी जमायला थोडा साबणही पुरतो. एका गोळ्यात वेगवेगळ्या साखळ्यांची दोन-तीन शेपटं अडकली की पडली गाठ. अशा असंख्य गाठींचं जाळं बीकरभर पसरतं, आणि त्यात कांडी रुतते. शेपटं न जोडलेलं साधं पॉलिमर घेऊन हाच प्रयोग करा, कांडी ढिम्म दाद देत नाही, फिरतच राहते.

साबण सोडणं थांबवू नका. आणखी घाला.

[कांडी हलते. मग पुन्हा गरगर.]

आता गोळे इतके झाले की प्रत्येक शेपटाला स्वतंत्र बिऱ्हाड मिळालं. चुली वेगळ्या झाल्या. साखळीला साखळीशी बांधणारं कुणी उरलं नाही.

[दृश्य : रंगाचं दुकान. टिंटिंग मशीनखाली पांढऱ्या बेसचा डबा.]

भिंतीच्या अनेक पाण्याच्या रंगांतही अशीच शेपटंवाली पॉलिमर दाटपणा आणतात. ब्रश फिरला की गाठी सुटतात, हात थांबला की पुन्हा बसतात. म्हणून रंग सहज ओढला जातो. फिकट शेडला मशीन रंगद्रव्याच्या पेस्टच्या चारदोन पिचकाऱ्या मारतं. गडद शेडला मात्र बरंच काही ओततं, आणि रंगद्रव्याचे कण तळाला बसू नयेत म्हणून त्या पेस्टमध्ये भरपूर सर्फॅक्टंट असतं.

[रंगारी डब्यात काठी बुडवून वर काढतो. गडद रंगाची धार सरसर खाली येते.]

"पाणी घातलंय का हो यात?"

दुकानदार नकारार्थी मान हलवतो. पाणी कुणीच घातलेलं नाही.