चूक टांकसाळीतली की इजा बाजारातली?

श्रोतेहो, नमस्कार.

नाणी जमवायला नव्याने लागलेली मंडळी हातावर एखादं नाणं ठेवतात आणि विचारतात, "हे वेगळं दिसतंय, चुकीचं पडलंय का?" अशा वेळी मी आधी एकच विचारतो: हे नाणं पाडलं कसं होतं?

आपली शिवराईच घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसा बहुतेक वेळा चकतीहून मोठा. मग कुठे 'श्री' अर्धाच उमटतो, कुठे 'ति' कडेबाहेर जातो. याला चूक म्हणू नका, शिवराई अशीच असते. उलट सगळी अक्षरं आणि भोवतीची टिंबांची कड अख्खी दिसणारी शिवराई मिळणं कठीण. तिच्यात पाहायचं ते अक्षरांचं वळण, टिंबांची मांडणी, 'छत्र' आणि 'पति' यांच्या मधल्या रेघा. दोन रेघा असतील तर ती दुदांडी. हा प्रकार झाला, कारण ठसा कोरणाऱ्यानं तो तसाच कोरला होता.

आजच्या रुपयाचं तसं नाही. यंत्रात चकतीभोवती पोलादी कडं असतं, त्यामुळे चकती सरकून नाण्याचा एक भाग कोरा राहिला, तर ती खरी चूक. कधी पाडलेलं नाणं यंत्रातच ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच छाप बसते. मग एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट, उलटं. संग्राहक याला 'लखी' म्हणतात. दोन नाणी एकमेकांवर दाबून खोटी लखीही करतात. तिची दुसरी बाजू पाहा, ती दबून चपटलेली असते. खऱ्या लखीची दुसरी बाजू ठसठशीत असते.

नाण्यावर रेघ दिसली की टॉर्चचा उजेड तिरपा टाकून भिंगातून बघा. ठशाला तडा गेला असेल तर धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावरची रेघ उंच येते. रेघ खोल असेल तर तो ओरखडा, म्हणजे बाजारातली इजा. एवढी एक परीक्षा जमली तरी पुष्कळ फसवणूक टळते.

सालाखालची टांकसाळीची खूणही बघत चला. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचं. खूण नसली म्हणजे ती राहून गेली असं नाही, ते नाणं कोलकात्याचं.

प्रकार न ओळखल्यानं काय होतं, ते आपण दहाच्या नाण्यावरून पाहिलं. कुणावर 10 रेघा, कुणावर 15, म्हणून दुकानदार ते घेईनात. शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की, दहाची नाणी 14 वेगवेगळ्या नक्षींची आहेत आणि सगळी चालतात. 1911 सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी सोंड स्पष्ट करून नवा ठसा आला. आज तो 'डुकराचा रुपया' संग्राहक मुद्दाम शोधतात.

आता इजा. चांदीच्या जुन्या रुपयांवर सराफांनी पारखताना मारलेले टोचे दिसतात, माळेत ओवण्यासाठी डागलेल्या कडीची खूण दिसते. बाजारात त्यानं किंमत उतरते. मला मात्र असे रुपये आवडतात, कारण ते कुणाच्या तरी गळ्यात होते. पण दहाच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढायचा आणि 'दुर्मिळ चूक' म्हणून विकायचा, ही लबाडी आहे.

आणि एक कळकळीची विनंती. शिवराई चिंचेनं घासू नका. तांब्यावर शेकडो वर्षांत चढलेला तो काळपट-हिरवा थर एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही झिजतात. नाणं कडेनं धरा, कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर वजन आणि ते कुठून आलं हे लिहा.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. काही विकत घेण्याआधी तिथे एक दिवस काढा आणि अस्सल नाणी डोळे भरून पाहा.

नमस्कार.