ब्रिस्टलची पंचावन्न मुलं

नमस्कार श्रोतेहो.

फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी घरांमध्ये थंडी पडायला लागली की एक विषय हमखास निघतो. मुलगी फ्रेंड्स स्कूलमध्ये, म्हणजे क्वेकरांच्या शाळेत, सहावी-सातवीत असते. वर्गातली मैत्रीण तिला म्हणते, आमच्या रिट्रीटला, म्हणजे शिबिराला, चल ना. शुक्रवारी संध्याकाळी जायचं, रविवारी दुपारी परत. मीटिंग हाउसमध्ये, म्हणजे क्वेकरांच्या उपासनेच्या जागेत, जमिनीवर स्लीपिंग बॅग टाकून झोपायचं. मग आई विचारते, तिथे धर्म शिकवतात का? बाबा विचारतात, सोबत मोठं कोण असतं? आणि आजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारते, जेवायला काय देतात?

आजींना आधी सांगते. वरणभात मिळणार नाही, पण शाकाहारी पोटभर मिळतं. आणि भांडी मुलांनाच घासावी लागतात. भांड्यांचं लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

आता क्वेकर म्हणजे कोण? ओट्सच्या डब्यावरचे टोपीवाले आजोबा आपल्याला माहीत असतात, पण त्या कंपनीचा या पंथाशी काही संबंध नाही. हा पंथ सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला, जॉर्ज फॉक्स या माणसाभोवती उभा राहिलेला. त्याचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे आणि त्याचं ऐकायला मधे पुरोहित लागत नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या मीटिंगमध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, प्रवचन नाही, वेदी नाही. माणसं बाकांवर गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलंच तर उठतो, बोलतो, खाली बसतो. तासाभराने शेजाऱ्याशी हस्तांदोलन केलं की मीटिंग संपली. सगळे क्वेकर असे नाहीत हं. जगात सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत, आणि तिथे पाद्रीही असतात, गाणीही असतात. पण फिलाडेल्फियाकडचे बहुतेक गप्प बसणारे.

तासभर गप्प! इथे मी पाच सेकंद थांबले तर काचेपलीकडून आमचे तंत्रज्ञ हात हलवायला लागतात. आणि ही गप्प बसायची गोष्ट अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांकडून? ज्यांचा एक पाय सतत हलत असतो, त्यांच्याकडून?

तर आजचा मुद्दा हा. या वयाच्या मुलांना एखाद्या आध्यात्मिक घोळक्यात आपलं वाटावं, यासाठी काय करायचं? माझं उत्तर छोटं आहे आणि मी ते दोन-तीनदा सांगणार आहे. त्यांना पाहुणं करू नका, घरचं करा. पाहुण्याची करमणूक करतात. घरच्याला काम सांगतात.

आपल्याकडे पाहुणं करायची भारी हौस. कुठल्याही कार्यक्रमात पहिला अर्धा तास शाल, श्रीफळ आणि मान्यवरांचा परिचय. मंडळाच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमातही तेच, आणि मुलं मागे सतरंजीवर एकमेकांना चिमटे काढत बसलेली. माझं चाललं असतं तर मी श्रीफळावर दहा वर्षं बंदी घातली असती. असो.

आता मला जी गोष्ट सांगायला फार आवडते ती सांगते. आमच्या स्टुडिओतले लोक म्हणतात, बाईंना विषय कुठलाही द्या, बाई ब्रिस्टलला पोचतात. पण आज तरी विषय खरंच तिथलाच आहे.

साल 1682. इंग्लंडच्या पश्चिमेचं ब्रिस्टल, मोठं बंदर, व्यापाराचं गाव. राजा दुसरा चार्ल्स. त्या काळात एक कायदा होता. राज्याच्या चर्चबाहेर, घरच्या माणसांखेरीज पाच किंवा जास्त लोक उपासनेसाठी जमले तर तो गुन्हा. पहिला कायदा 1664 चा, दुसरा 1670 चा. बाकीचे पंथ काय करत? लपून जमत, रात्री जमत, जागा बदलत. क्वेकरांना हे मान्यच नव्हतं. ते दिवसाढवळ्या, ठरल्या वेळी, ठरल्या जागी जमायचे. शिपाई आले की पळायचे नाहीत. बसून राहायचे. शिपाई नेतील तसं तुरुंगात जायचं आणि सुटलं की पुढच्या वेळी पुन्हा त्याच जागी.

ब्रिस्टलमध्ये क्वेकर पुष्कळ होते. गावचा शेरीफ त्यांच्या हात धुऊन मागे लागलेला, आणि त्याच्या जोडीला हेलियर नावाचा वकील. त्या उन्हाळ्यात धरपकड इतकी झाली, की जुलै उजाडेपर्यंत गावातले बहुतेक मोठे क्वेकर, पुरुष आणि बायका दोन्ही, तुरुंगात. हेलियरला वाटलं असेल, झालं, मिटला प्रश्न. माणसंच उरली नाहीत तर मीटिंग कोण भरवणार?

मुलांनी भरवली.

पुन्हा सांगते. आईवडील तुरुंगात, आणि मीटिंग मुलांनी चालू ठेवली. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी यायचं आणि गप्प बसायचं. समोर मोठं कुणी नाही, ओरडणारं नाही, बक्षीस देणारं नाही. आणि ही मुलं केवढी? नोंद अशी आहे की बहुतेक दहा ते बारा वर्षांची. म्हणजे आपली पाचवी-सहावी-सातवीतली. ज्यांना आपण अजून "दप्तर भरलंस का" विचारतो.

आता हेलियरची पंचाईत बघा. कायदा सोळा वर्षांवरच्या माणसांसाठी. ही पोरं सोळाच्या आतली. कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. पण राग तर आलाय. मग हात लावलाच. काही मुलांना खोड्यात अडकवून बसवलं. खोडा म्हणजे लाकडाच्या फळ्यांत पाय अडकवतात तो, चौकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. बाराव्या वर्षी चौकात बसणं म्हणजे काय, ते बारा वर्षांच्या कुणालाही विचारा. मार परवडला, हसू नको, असं ते वय.

मुलं पुढच्या मीटिंगला आली.

मग एका दुपारी पंचावन्न मुलं जमली होती. पंचावन्न. हेलियर देवमाशाच्या हाडाची पिळाची छडी घेऊन आला आणि पोरांच्या डोक्यांवर, मानांवर, तोंडांवर मारत सुटला. वळ उठला नाही असं मूल क्वचितच राहिलं. त्यातले अकरा मुलगे आणि चार मुली त्याने ब्राइडवेलला, म्हणजे सुधारगृहाच्या नावाखाली चालणाऱ्या कोठडीत पाठवल्या. एका क्वेकर गृहस्थाने हमी दिली तेव्हा त्या रात्रीपुरती सुटका झाली. दुसऱ्या दिवशी पंधराही जण उपमहापौरांपुढे उभे.

उपमहापौरांनी आधी गोडीत घेतलं, मग धाक दाखवला. मागणी एकच होती, पुन्हा मीटिंगला येणार नाही एवढं कबूल करा आणि घरी जा. किती सोपं! "नाही येणार" म्हणायचं आणि रविवारी यायचं. आपल्यापैकी कितीजणांनी लहानपणी अशी कबुली दिली नसेल? पण क्वेकर मुलाला खोटं बोलून सुटका करून घ्यायची वाट मोकळी नव्हती. एकानेही कबूल केलं नाही. एकीनेही नाही. परत कोठडी. आणि जाता जाता हेलियरने त्यांच्या देखत कोठडीच्या रखवालदाराला बजावलं, उद्या सकाळपर्यंत नऊ पदरांचा नवा कोरडा, म्हणजे चाबूक, तयार ठेव.

ती रात्र त्या पंधरा मुलांनी कशी काढली, ते कुठे लिहिलेलं नाही. मला दर वेळी ही गोष्ट सांगताना तिथेच थांबावंसं वाटतं. सकाळी हेलियरने न्यायाधीशांपुढे हट्ट धरला, यांना फटके द्या. न्यायाधीशांनी ऐकलं नाही. कोरडा तसाच राहिला.

आणि याच उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट 1682 मध्ये, विल्यम पेन नावाचा क्वेकर जहाजाने निघाला, तो ज्या वसाहतीत येऊन उतरला तिथे आज आपण हीटर लावून रेडिओ ऐकतोय. पेनसिल्व्हेनिया. क्वेकरांनी इथे येऊन फ्रेंड्स स्कूल का काढल्या, हे ज्यांना कळत नाही त्यांना मी ब्रिस्टलची गोष्ट सांगते. मुलांच्या हातात आपली उपासना एकदा सुरक्षित राहिलेली ज्यांनी पाहिलीय, ते मुलांना कमी लेखत नाहीत.

मात्र एक सांभाळायला हवं. हीच गोष्ट शिबिरातल्या मुलांना छाती फुगवून सांगू नये. दहा मिनिटंही गप्प बसता न येणारा मुलगा ती ऐकतो आणि मनात म्हणतो, मी काही त्यातला नाही. ही गोष्ट मोठ्यांसाठी आहे. मुलं काय पेलू शकतात, ते मोठ्यांना कळावं म्हणून.

बराच वेळ गेला, तेव्हा शिबिराकडे पळते.

शुक्रवारी रात्री पहिलं काम म्हणजे करार. मोठा कागद भिंतीला, आणि दोन दिवस आपण एकमेकांशी कसं वागायचं ते मुलंच सांगतात. कुणाची टर उडवायची नाही. दिवे किती वाजता बंद. फोन कुठे ठेवायचे. अंगाला अंग लागणारा खेळ नको असेल तर कारण न सांगता बाजूला बसायची मुभा. मोठ्यांची सूचनाही त्याच कागदावर, त्याच अक्षरात. मग छोटे गट पाडतात, पाच-सहा जणांचे, मुद्दाम ओळखी मोडून. त्या गटात एक प्रश्न ठेवतात. "तुला कधी एकटं वाटलं आणि तेव्हा काय उपयोगी पडलं?" असा काहीतरी. प्रत्येकाने एकदाच बोलायचं, दोन बोलण्यांमध्ये थोडं थांबायचं, दुसऱ्याच्या बोलण्यावर मत द्यायचं नाही, सल्ला तर नाहीच. नको असेल तर "पुढे" म्हणायचं. सल्ला न देता ऐकणं! आपल्या घरात हा नियम लावला तर जेवणाच्या टेबलावर कुणी बोलणारच नाही, मी धरून.

मोठ्यांना तिथे फ्रेंडली अ‍ॅडल्ट प्रेझेन्स म्हणतात. नुसती हजर असणारी मोठी माणसं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे, की या लोकांची आधी रीतसर पार्श्वभूमी तपासतात आणि बंद खोलीत एक मोठा नि एक मूल असं राहू देत नाहीत. नोंदणी करताना तरीही विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्या शिबिराला मुलं पाठवू नयेत, मग ते कुणाचंही असो.

आणि आता भांडी. तेरा वर्षांचा मुलगा समोर बसवून "बोल बाळा" म्हटलं की मुका होतो. त्याच मुलाला सिंकपाशी उभं करा, शेजारी नवा आलेला मुलगा फडकं घेऊन, आणि आजूबाजूला फेस. दहा मिनिटांत दोघांची नावं, गावं, आवडते गेम, आईबाबांचं भांडण, सगळं निघतं. हात गुंतलेले आणि नजर खाली, हे या वयाला सोयीचं असतं. म्हणून पाहुणं करू नका, घरचं करा. घासू द्या भांडी.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती प्रेमातूनच येते. दर वर्षी येणारी मुलं शुक्रवारी दारातच एकमेकांच्या गळ्यात पडतात, जुने विनोद, जुनी गाणी सुरू होतात. आणि नवी मुलगी बॅग हातात धरून भिंतीशी उभी. जुन्यांची घट्ट मैत्री हीच नव्यासाठी भिंत होते. कुणी वाईट वागत नाही, तरी ती आत येऊ शकत नाही. चांगल्या शिबिरात यावर उपाय म्हणून दाराशी मोठी माणसं नाहीत, मुलंच उभी करतात. गेल्या वर्षी जी नवी होती तिला यंदा स्वागताचं काम. तिला आठवत असतं, संडास कुठे आहे हे विचारायला किती लाज वाटली होती ते. ती पहिल्यांदा तेच दाखवते.

आईचा प्रश्न राहिला, धर्म शिकवतात का. शिकवणी म्हणाल तर फार थोडी. क्वेकर नसलेली मुलंही येतात, आणि त्यांनी क्वेकर व्हावं अशी घाई कुणाला दिसत नाही. आपल्या वर्धेला हे नवं वाटू नये. मार्जरी साइक्स या इंग्रज क्वेकर बाई 1928 मध्ये भारतात आल्या आणि स्वातंत्र्यानंतर सेवाग्रामला नयी तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, शिक्षकांना शिकवत राहिल्या. झाडलोट, सूत, स्वयंपाक आणि मुलांची स्वतःची सभा, हे सगळं तिथे होतंच. क्वेकर बाईंना सेवाग्राम परकं वाटलं नसेल, यात मला तरी नवल वाटत नाही.

रविवारी शेवटी मुलांची कामकाजाची सभा असते. मतदान नाही. तेरा-चौदा वर्षांची एखादी मुलगी क्लार्क म्हणून, म्हणजे सभा चालवायला, बसते, सगळ्यांचं ऐकते, सभेचा कल काय दिसतो ते तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवते आणि विचारते, मंजूर? एकाला जरी पटलं नाही तर पुन्हा चर्चा, पुन्हा लिहिणं. पुढचं शिबिर कधी, विषय कोणता, दाराशी कोण, नाश्त्याची लापशी बंद करावी का. लापशीवर फार वेळ जातो. मोठे मधे पडत नाहीत, आणि बाहेर गाड्या येऊन थांबल्या म्हणून सभा आटोपतीही घेत नाहीत. तेव्हा रविवारी मुलांना आणायला जाल तर अर्धा तास जास्तीचा ठेवा, आणि हॉर्न वाजवू नका.

नमस्कार.