मान्यता जुळणीला असते

(शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर इथल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. समोर फाउंड्री आणि मशीन शॉपमधली माणसं बरीच दिसतात, म्हणून सुरुवात तुमच्या टेबलावरच्या कागदापासूनच करतो. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात रिव्हिजनचं अक्षर असतं. गिऱ्हाइकानं बोअर बदलून 'बी'चं 'सी' केलं आणि पिन करणाऱ्याकडे जुनंच ड्रॉइंग राहिलं, तर दोन्ही पार्ट आपापल्या तपासणीत पास होतात आणि असेंब्लीत बसत नाहीत. लहान विमानांच्या एव्हिऑनिक्समध्ये, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कामात, आम्हाला रोज याच अडचणीशी झगडावं लागतं. त्यात आमच्याकडे रिव्हिजन डोळ्यांना दिसतही नाही. डबा तोच, कनेक्टर तोच, वजन तेच, आतलं सॉफ्टवेअर मात्र वेगळं.

गार्मिन कंपनीची जी-1000 ही कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक प्रणाली 2004 च्या सुमारास लहान विमानांत येऊ लागली. चार आसनी सेसना किंवा डायमंड विमानात वैमानिकाला समोर दोन मोठ्या स्क्रीन दिसतात, पण राबणारे डबे मागे असतात. रेडिओ आणि जीपीएस एकत्र असलेले दोन जीआयए, हवेच्या दाबावरून वेग आणि उंची काढणारा जीडीसी, विमान किती कललंय ते सांगणारा जीआरएस, इंजिनाच्या सेन्सरांचे आकडे गोळा करणारा जीईए, आणि विमानाची ओळख व उंची जमिनीवरच्या रडारला कळवणारा ट्रान्सपॉन्डर. प्रत्येकात स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचं सॉफ्टवेअर. आता समजा एक जीआयए बिघडला आणि दुरुस्तीच्या बदल्यात दुसरा आला. त्यात पुढच्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर आहे. रॅकमध्ये सरकवला, लॉक केला, वीज दिली. रेडिओच्या चौकटीवर लाल फुली उमटते आणि संदेश येतो, 'मॅनिफेस्ट, जीआयए वन सॉफ्टवेअर मिसमॅच, कम्युनिकेशन हॉल्टेड.' म्हणजे पहिल्या जीआयएचं सॉफ्टवेअर जुळत नाही, संपर्क थांबवला आहे. दोन स्क्रीनमध्येच तफावत असेल तर संदेश वेगळा येतो आणि त्या एकमेकींशी बोलायच्या बंद होतात.

नवशिका माणूस इथे डबा खराब निघाला असं समजून परत पाठवायला निघतो. डबा ठणठणीत असतो. विमानासाठी जी आवृत्ती नोंदलेली आहे तिच्याशी त्याची आवृत्ती जुळत नाही, म्हणून प्रणालीनं त्याचे आकडे घ्यायचं थांबवलंय. हे रचनाकारांनी मुद्दाम केलेलं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. चुकीची उंची ठळक अक्षरांत दाखवणारी स्क्रीन ढगात शिरलेल्या वैमानिकाचा जीव घेऊ शकते. लाल फुली पाहिली की तो निदान दुसऱ्या उपकरणाकडे वळतो.

यावर उपाय काय? बाकीचे सगळे डबे नव्या आवृत्तीवर नेऊन ठेवू, असं कुणालाही वाटेल. ते करायचं नाही. त्या मॉडेलसाठी मंजूर असलेलं लोडर कार्ड, म्हणजे सॉफ्टवेअर भरायचं मेमरी कार्ड, घ्यायचं आणि नव्या डब्यात मंजूर आवृत्ती भरायची, मग ती जुनी असली तरी चालेल. त्याआधी बाहेरून ग्राउंड पॉवर लावायची, कारण लोड चालू असताना बॅटरी बसली तर डबा अर्धवट भरलेला राहतो. एंटर बटण दाबून धरून वीज दिली की स्क्रीन कॉन्फिगरेशन मोडमध्ये उघडते. तिथे सॉफ्टवेअर आणि कॉन्फिगरेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाईत त्यांची सरमिसळ होते. सॉफ्टवेअर म्हणजे डब्याचं डोकं. कॉन्फिगरेशन म्हणजे या विशिष्ट विमानात कोणतं इंजिन आहे, कोणता सेन्सर कुठे जोडलाय, टाक्या कशा आहेत, याची माहिती. तिची एक प्रत विमानातल्या तारांच्या जुडग्याच्या (हार्नेसच्या) कनेक्टरच्या मागच्या टोपणात बसवलेल्या छोट्या मेमरी मॉड्यूलमध्ये असते. स्क्रीन बदलली तरी ते मॉड्यूल विमानातच राहतं. लोड संपल्यावर इंधनाच्या टाक्यांचं कॅलिब्रेशन जागेवर आहे का, स्टॉलची (वेग घटून पंखांची उचल जाण्याची) धोक्याची सूचना कानात ऐकू येते का, ऑटोपायलट हँडलवरच्या बटणानं सुटतो का, हे एकेक करून बघायचं. यात अख्खी दुपार जाते, आणि ती जाऊ द्यावी.

इथे लोक विचारतात की नवं सॉफ्टवेअर चांगलंच असणार ना, मग ते घालायला कुणाची हरकत? हरकतीचं कारण मान्यतेच्या पद्धतीत आहे. विमानातलं सॉफ्टवेअर डीओ-178 या मानकाप्रमाणे तपासलं जातं. त्याची सध्याची 'सी' आवृत्ती 2011 ची. बिघाडाचा परिणाम किती गंभीर, त्यावरून 'ए' ते 'ई' असे स्तर ठरतात. पण डब्याचं सॉफ्टवेअर कितीही तपासलेलं असलं तरी विमानात बसवण्याची परवानगी मिळते ती पूर्ण जुळणीला. हा डबा, ही आवृत्ती, या ट्रान्सपॉन्डरसोबत, या ऑटोपायलटसोबत, या मॉडेलच्या विमानात. सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेटला, म्हणजे विमानाच्या मूळ रचनेत बदल करण्याच्या मान्यतापत्राला, जोडलेली मंजूर मॉडेलांची यादी म्हणूनच असते. कारखान्यात जी जुळणी कुणी तपासलेलीच नाही ती आपण हँगरमध्ये तयार केली, तर तिचे पहिले परीक्षक आपले वैमानिक ठरतात. एअरलाइनच्या मोठ्या विमानामागे अभियंत्यांचा ताफा असतो. चार आसनी विमानाची जुळणी कोण सांभाळतं? सही करणारा एकटा इंजिनिअर. या कामाला आपल्याकडे पुरेसा मान मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जी-1000 निदान स्वतः ओरडून सांगते. जुन्या कॉकपिटमध्ये तीस वर्षांच्या उपकरणांशेजारी नवा जीपीएस बसवलेला असतो. तिथे सांगणारं कुणी नाही. उंचीचंच उदाहरण घ्या. उंचीचे संकेत बनवणारा जुना एन्कोडर ट्रान्सपॉन्डरला उंची पाठवतो ती गिलहॅम कोड या जुन्या संकेतपद्धतीत, अनेक समांतर तारांवरून, 100 फुटांच्या पायऱ्यांनी. नवे एन्कोडर एका सीरियल तारेवरून बारीक पायऱ्यांत पाठवतात. दोन्ही टोकांना फॉरमॅट आणि वेग सारखा लावला नाही, तर उंचीच्या जागी नुसत्या रेघा दिसतात. डबे एकमेकांना आकडे पाठवतात त्या एआरिंक 429 मानकाच्या तारेवर 32 बिटांचे शब्द एकाच दिशेनं जातात आणि प्रत्येकाला आत काय आहे ते सांगणारा लेबलचा क्रमांक असतो. 203 म्हणजे दाबावरून काढलेली उंची. पाठवणारा डबा हे लेबल पाठवायला तयार, पण घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला ते वाचायचं शिकवलेलंच नाही, असं घडतं. वायरिंग मीटरनं तपासत बसलात तर दिवसभर काही सापडणार नाही, कारण वायरिंग बरोबरच असतं.

डेटाबेसचं थोडक्यात सांगतो. तो सॉफ्टवेअरपेक्षा वेगळा. विमानतळ, धावपट्ट्या आणि मार्ग यांची माहिती जगभर दर 28 दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी बदलते. आपल्या उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, धावपट्टीची लांबी बघा, ती पूर्वी 1370 मीटरची होती, पुढे ती वाढवली. जुना डेटाबेस घेऊन आलेल्या विमानाच्या स्क्रीनवर अजून आखूडच धावपट्टी असेल. इथे मात्र शिळं चालत नाही, ताजंच हवं. आणि डेटाबेसचा आकार वाढत जातो, त्यामुळे एखाद्या दिवशी नवा डेटाबेस जुन्या युनिटच्या मेमरीत मावत नाही आणि सॉफ्टवेअरचा प्रश्न मागच्या दारानं घरात येतो.

आता आपल्या देशाचा मुद्दा. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून 'गगन' उभारलं. जीपीएसमधली त्रुटी उपग्रहावरून सुधारून देणारी ही आपली यंत्रणा. मार्गक्रमणासाठी तिला 2013 च्या अखेरीस मान्यता मिळाली आणि उंचीचं मार्गदर्शन देणाऱ्या उतरणीसाठी 2015 मध्ये. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगडला 'गगन'च्या आधारानं उतरलं. जुलै 2021 नंतर भारतात नोंद होणाऱ्या विमानांना त्याची उपकरणं सक्तीची केली गेली. पण परदेशातून आलेल्या जुन्या लहान विमानातला रिसीव्हर 'गगन'सारख्याच परदेशी यंत्रणा, म्हणजे अमेरिकेची 'वास', युरोपची 'एग्नॉस' आणि जपानची 'एमसास', एवढ्याच ओळखतो. 'गगन' सेवेत येण्याआधी लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचं नाव कुठून असणार? अँटेना चांगली, उपग्रह डोक्यावर, आणि रिसीव्हर मात्र साध्या जीपीएसवरच चाललेला. इथे आवृत्ती वाढवणं खरोखर फायद्याचं आहे, फक्त ती त्या विमानाच्या बाकीच्या डब्यांसह मंजूर हवी.

'गगन'ला सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते आयनोस्फिअरशी, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराशी. विषुववृत्ताजवळच्या आपल्या आकाशात सूर्यास्तानंतर प्लाझ्माचे बुडबुडे तयार होतात आणि उपग्रहाचा संदेश त्यांतून येताना थरथरतो. कोल्हापूरकरांनी अभिमानानं सांगावं अशी गोष्ट म्हणजे या बुडबुड्यांचा अभ्यास आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून झालेला आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं तिथे रडार आणि आकाशाचे फोटो घेणारे कॅमेरे बसवले. इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना मी हेच सांगेन, की हा विषय तुमच्या गावात शिकता येतो.

भूचुंबकत्वावरून आठवलं. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं. तोच त्रास विमानाच्या पंखात बसवलेल्या, दिशा सांगणाऱ्या मॅग्नेटोमीटरला होतो. कुणी पंखाचे दिवे बदलले, तारेचा परतीचा मार्ग बदलला, किंवा जवळ पितळी स्क्रूच्या जागी लोखंडी बसवला, की दिशा काही अंश सरकते. म्हणून नवीन काहीही बसवल्यावर दिवे, स्ट्रोब, फ्लॅपची मोटर, वेग मोजणाऱ्या नळीचा पिटो हीटर एकेक चालू-बंद करून दिशेचा आकडा हलतो का ते बघायची चाचणी असते. सॉफ्टवेअर अगदी बरोबर असलेल्या विमानातही ती टाळू नये.

शेवटी एक मागणी करतो, खास करून बी-2, म्हणजे एव्हिऑनिक्सच्या देखभालीच्या, परवान्याची तयारी करणाऱ्यांकडे. लॉगबुकात 'सॉफ्टवेअर अपडेट केलं, ठीक आहे' एवढंच लिहू नका. प्रत्येक डब्याचं नाव, पार्ट नंबर, हार्डवेअरमधले बदल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आधी कोणती होती, उत्पादकाच्या कोणत्या सर्व्हिस बुलेटिनच्या (सूचनापत्राच्या) आधारानं बदलली, हे सगळं एका पानावर लिहा. कॉन्फिगरेशनच्या प्रत्येक पानाचा फोटो काम सुरू करण्याआधी घ्या आणि संपल्यावरही घ्या. विमान विकलं तर ते पान विमानाबरोबर जातं, आणि नव्या मालकाच्या इंजिनिअरला पहिल्याच दिवशी तेच लागतं.